कामाची वही आणि पीएफचा हिशेब

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा-बिडकीन औद्योगिक पट्ट्यात येणाऱ्या गुंतवणुकीच्या बातम्या आपल्या दैनिकात नेमाने येतात. टोयोटा-किर्लोस्करचा जुलै २०२४ मधला सामंजस्य करार असो की एथरचा विजेवरच्या दुचाकींचा प्रकल्प, प्रत्येक बातमीत ‘इतके हजार रोजगार’ हा आकडा हमखास असतो. तो वाचून गावाकडचा बाप पोराचे नाव आयटीआयला घालतो, आणि ते बरेच आहे. पण इथल्याच जुन्या वाळूज किंवा चिकलठाणा वसाहतीत दहा-पंधरा वर्षे मशीनसमोर उभा असलेला माणूस या बातमीत कुठेच नसतो. नवी कंपनी त्याला घेईल का? घेतले तर कशाच्या जोरावर? हे पत्र त्याच्यासाठी आहे.

बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने सुटे भाग बनवणाऱ्यांची साखळी उभी राहिली. त्या काळी परमनंटचे पत्र हाती पडले की पुढची तीस वर्षे मिटली. आता तसे पत्र फार थोड्यांच्या नशिबी येते. आपल्याकडे सालगड्याचे साल पाडव्याला ठरते आणि पाडव्याला संपते, पण त्याचे शेत आणि मालक निदान तेच असतात. ठेक्यावरच्या कामगाराचे गेट तेच, मशीन तेच, कँटीनची डाळसुद्धा तीच. ठेकेदार मात्र अकरा महिन्यांनी दुसरा. मग त्या दहा वर्षांची नोंद नेमकी कुणाकडे असते? बहुतेक वेळा कुणाकडेच नसते. म्हणून ती स्वतः ठेवावी लागते.

त्यासाठी शंभर पानी वही पुरते. रविवारी पंधरा मिनिटे बसून आठवड्याच्या चार-पाच ओळी लिहायच्या. कोणत्या मशीनवर होतो आणि तिचा कंट्रोल (मशीन चालवणारा संगणक) कोणता, फॅनुक की सीमेन्स. कोणता भाग केला, धातू कोणता होता, ड्रॉइंगवर टॉलरन्स (मापात चालणारा फरक) किती होता. रिजेक्शन किती गेले आणि कशामुळे. मशीन बंद पडले तर काय झाले होते आणि सुरू कसे झाले. कुणाला शिकवले असेल तर तेही. ‘आठवडाभर काम केले’ ही नोंद कवडीमोलाची आहे. ‘इन्सर्ट (टूलची कापणारी पाती) दोनशे नगांवर तुटत होता, कूलंटचा नोझल फिरवल्यावर साडेतीनशे नगांपर्यंत गेला’ ही एकच ओळ पुढच्या मुलाखतीत पाच मिनिटे बोलायला पुरते.

एक पथ्य मात्र कडक पाळायचे. ग्राहक कंपनीचे ड्रॉइंग, पार्ट नंबर, प्रोग्रामचा फोटो यांपैकी काहीही वहीत किंवा मोबाइलमध्ये नको. शॉप फ्लोअरवर मोबाइल बंदी असताना मशीनच्या स्क्रीनचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला आणि दुसऱ्या दिवशी गेटपास जमा झाला, असे कुठल्याही औद्योगिक वसाहतीत घडू शकते. कंपनीचे गुपित कंपनीचे. आपण काय शिकलो ते आपले. ‘अलॉय स्टीलचा शाफ्ट, टॉलरन्स ०.०२ मिमी’ एवढे लिहिले की भागते.

या वहीतूनच बायोडाटा निघतो. समजा सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, ९२ सेकंदांवरून ८१ सेकंदांवर आणण्यात तुमचा हात होता. आठ तासांच्या शिफ्टमधले सात तास मशीन प्रत्यक्ष चालले तर ९२ सेकंदांनी २७३ नग निघतात, ८१ सेकंदांनी ३११. म्हणजे शिफ्टला ३८ नग जास्त. हे गणित बायोडाट्यात एका ओळीत मांडता येते, आणि प्रॉडक्शन मॅनेजर ती ओळ दोनदा वाचतो. त्याऐवजी आपल्याकडचे बायोडाटे ‘मेहनती, प्रामाणिक, कोणतेही काम करण्याची तयारी’ असे असतात. कोणतेही काम करण्याची तयारी दाखवणाऱ्याला कोणतेही कामच मिळते. बायोडाटा एक पानाचा, फार तर दोन पानांचा, पीडीएफमध्ये असावा. मोबाइल नंबर वर्षानुवर्षे तोच असावा. रिचार्जची ऑफर बघून सिम बदलणाऱ्यांना कॉल लेटर पोचत नाही आणि पीएफचा ओटीपीही पोचत नाही.

आता कौशल्याकडे येऊ. इथे सगळ्यात मोठी चूक होते ती ‘चालू आहे तो कोर्स’ करण्याची. कोर्सची जाहिरात बघायच्या आधी आपल्या मशीनच्या आजूबाजूला बघावे. सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनच्या ऑपरेटरची पुढची पायरी सेटर (टूल आणि जॉब जुळवून देणारा) आहे आणि तिच्या पुढची प्रोग्रामर. तरी बरेच ऑपरेटर आठ-आठ वर्षे जॉब लावणे, सायकल स्टार्ट दाबणे आणि जॉब काढणे यातच राहतात, कारण सेटिंग ‘सेटरचे काम’ असते आणि सेटर हात लावू देत नाही. त्याचेही बरोबर आहे. क्रॅश झाला तर उत्तर त्याला द्यावे लागते. मार्ग एकच, आधी मोजमापात पक्के व्हायचे. व्हर्निअरचे लघुतम माप ०.०२ मिमी, साध्या मायक्रोमीटरचे ०.०१ मिमी. मग ०.०१५ मिमीचा टॉलरन्स व्हर्निअरने तपासणे म्हणजे धान्याच्या काट्यावर सोने तोलणे आहे, हे ज्याला सांगावे लागत नाही त्याच्यावर सेटर विश्वास टाकतो.

त्यानंतर ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापाची कंट्रोलमध्ये घालायची दुरुस्ती. लेथवर बाहेरचा व्यास ०.०४ मिमीने जास्त आला तर, प्रोग्राम व्यासावर असल्यास, त्या टूलच्या एक्स वेअर ऑफसेटमध्ये उणे ०.०४ घालायचे. ऐकायला सोपे वाटते, पण चुका ठरलेल्या आहेत. चिन्ह उलटे पडते. वेअर म्हणजे झिजेच्या दुरुस्तीऐवजी जॉमेट्रीत, टूलच्या मूळ मापात, आकडा जातो. त्रिज्या समजून निम्माच आकडा घातला जातो. दशांश चिन्ह द्यायचे राहून जाते, आणि पॅरामीटरप्रमाणे कंट्रोल त्याचा अर्थ भलताच लावतो. म्हणून ऑफसेट घातल्यावर पहिला नग फीड कमी ठेवून, सिंगल ब्लॉकवर, म्हणजे प्रोग्रामची एकेक ओळ चालवून, काढायचा, मोजायचा, मगच ऑटोवर जायचे. इन्सर्टच्या डबीवरची निळी खूण पोलादासाठी, पिवळी स्टेनलेससाठी आणि लाल बिडासाठी असते, हेही याच टप्प्यावर कळले पाहिजे. जी-कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञा, पाठ करणे सगळ्यात शेवटी. जी-कोड पाठ आहेत पण ड्रॉइंग वाचता येत नाही, अशी मुले ट्रेड टेस्टमध्ये पहिल्या दहा मिनिटांत बाहेर पडतात.

मेंटेनन्समधल्या इलेक्ट्रिशियनला पीएलसी (मशीन आणि लाइन चालवणारा पॅनलमधला छोटा संगणक) शिकायचा असतो आणि शहरात क्लासही भरपूर आहेत. फी भरण्याआधी तीन गोष्टी प्रत्यक्ष बघून याव्यात. एका ट्रेनर किटवर किती मुले बसतात? चारपेक्षा जास्त असतील तर हाताला वायर लागणार नाही. सेन्सर स्वतः जोडायला देतात का? पीएनपी आणि एनपीएन सेन्सरमधला फरक फळ्यावर दहा मिनिटांत समजतो, पण चुकीचा सेन्सर जोडल्यावर इनपुटचा दिवा का लागत नाही, हे किटसमोर बसूनच कळते. आणि तिसरे म्हणजे मुद्दाम बिघाड करून शोधायला लावतात का? कारखान्यात नवा लॅडर (पीएलसीचा प्रोग्राम) लिहायचा प्रसंग वर्षातून एखाद्या वेळी येतो. बंद पडलेली लाइन रात्री दोन वाजता सुरू करायचा प्रसंग दर आठवड्याला येतो. केवळ संगणकावरच्या सिम्युलेशनवर चालणारा क्लास या दुसऱ्या कामाला उपयोगी पडत नाही. आपल्या कंपनीत ज्या बनावटीचा पीएलसी आहे त्याच बनावटीवर शिकावे, म्हणजे सोमवारी शिकलेले मंगळवारी पॅनलमध्ये ओळखीचे दिसते.

विजेवरच्या गाड्यांचा धसका अनेकांनी घेतला आहे. धसका थोडा योग्य जागी आणि थोडा चुकीच्या जागी आहे. पिस्टन, क्रँकशाफ्ट, क्लच, सायलेन्सर हे भाग विजेवरच्या दुचाकीत लागत नाहीत. या लाइनवर असणाऱ्याने आतापासून दुसऱ्या लाइनची माहिती काढावी. ब्रेक, सस्पेन्शन, चाक, चॅसिस, सीट, प्लास्टिकचे भाग, दिवे आणि वायरिंग हार्नेस मात्र तिथेही लागतात, वायरिंग तर वाढतेच. नवे येते ते बॅटरी पॅक, मोटर आणि कंट्रोलर. तिथे क्रिम्पिंग, टॉर्क रेंचने ठरलेल्या टॉर्कला नट कसणे, इन्सुलेशन रेझिस्टन्स तपासणे आणि स्थिर विद्युत सांभाळणे ही कामे येतात. क्रँकशाफ्टच्या लाइनवर मायक्रोमीटर धरणारा हात तिथे फुकट जात नाही, मात्र त्याने विजेची मूलभूत माहिती जोडून घ्यायला हवी. हाताने वेल्डिंग करणाऱ्याचेही असेच. रोबोट आला म्हणून वेल्डर जातो असे नाही; टीच पेंडंट (रोबोटला हालचाल शिकवायचे यंत्र) हातात घेऊन टॉर्चचा कोन आणि वेग ठरवणारा माणूस लागतो, आणि ज्याने हाताने मिग वेल्डिंग केले आहे त्याला सच्छिद्रता कशाने येते हे आधीच माहीत असते.

शिकायचे कुठे? चिकलठाणा एमआयडीसीत इंडो-जर्मन टूल रूम आणि प्लास्टिकसाठी सिपेट आहे, वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर, विद्यापीठाच्या आवारात इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकासाठी नायलिट. लांब राहणाऱ्यांना आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन उपक्रमाचे अभ्यासक्रम घरबसल्या फुकट बघता येतात. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेची फी भरायची. गुणांत चौथा हिस्सा असाइनमेंटचा असतो, म्हणून ‘परीक्षेच्या आधी सगळे व्हिडिओ बघून टाकू’ म्हणणारा तिथेच अडतो. त्यातले बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्याने पहिला अभ्यासक्रम चार आठवड्यांचा घ्यावा, बारा आठवड्यांचा नको.

कायद्याने परवाना लागतो अशी कामे वेगळी मोजावीत. साखर कारखाना, मद्यनिर्मिती, औषध कंपनी, जिथे बाष्पक आहे तिथे बॉयलर अटेंडंटचे द्वितीय किंवा प्रथम श्रेणीचे प्रमाणपत्र असलेला माणूस ठेवावाच लागतो. वायरमन आणि विद्युत पर्यवेक्षकाच्या परवान्याचेही तसेच. अशा कागदाची किंमत मालकाच्या मर्जीवर कमी-जास्त होत नाही. धाराशिव, बीड, लातूर, परभणी, नांदेड या पट्ट्यात साखर कारखाने पसरलेले असताना आपली पोरे या परीक्षांकडे का वळत नाहीत, हे कोडेच आहे. अट असते ती ठरावीक काळ प्रत्यक्ष काम केल्याच्या दाखल्याची, आणि तो दाखला वेळेवर घेतलेला नसतो. पुन्हा वहीकडे आणि कागदाकडेच येतो आपण.

शिकण्यातला खरा अडसर शिफ्टचा आहे. शिफ्ट दर आठवड्याला फिरते आणि क्लास रोज संध्याकाळी सात वाजता. म्हणजे तीन आठवड्यांतला एक आठवडा पूर्ण बुडतो, दुसऱ्यात झोप अपुरी. दोन महिन्यांत माणूस सोडून देतो आणि ‘आपल्याला जमत नाही’ असे मनाशी ठरवून टाकतो. त्याला न जमायला काय झाले? वेळापत्रक चुकले होते. अशांनी रविवारची बॅच किंवा रेकॉर्डिंग देणारा क्लास घ्यावा, आणि आठवड्याला पाच तासांचेच ठरवावे. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात तीन तास जास्तीचे काढून बुडालेले भरून घेता येतात. रात्रपाळीच्या आठवड्यात फक्त उजळणी. ओटीचे (ओव्हरटाइमचे) पैसे समोर दिसतात आणि शिकण्याचे दिसत नाहीत, हे मान्य आहे. तरी वर्षातले तीन महिने ओटी निम्मा करून पुढची पायरी गाठता आली तर तो तोटा भरून येतो.

पदवी-पदविकेबद्दल थोडक्यात. आयटीआय झालेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, पदविकावाल्याला अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. कला-वाणिज्यची राहिलेली पदवी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पुरी करता येते. त्याची विभागीय केंद्रे छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडला आहेत. पर्यवेक्षकाची जागा पदवीअभावी अडली असेल तरच यात तीन वर्षे घालावीत. नुसती भिंतीवर लावायला नको.

ऑफिसात काम करणाऱ्यांचीही सुटका नाही. डिस्पॅच, स्टोअर, टाइम ऑफिस इथली निम्मी कामे बारकोड आणि ईआरपीने (कंपनीचा सगळा हिशेब एकत्र ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरने) घेतली, उरलेल्या पत्रव्यवहारात आता एआय आले. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र सरकारी अर्जाला चालते. स्टोअरमध्ये एक्सेलचा पिव्होट टेबल (मोठ्या यादीचा सारांश काढणारा तक्ता) लागतो. एक्सेलमध्ये दोन याद्या जुळवणे, साठ्यातला फरक शोधणे आणि तो फरक का पडला ते चार ओळींत साहेबाला लिहून देणे, एवढे ज्याला येते त्याच्यापुढे डेटा एन्ट्रीवाला टिकत नाही. एआयकडून मेल लिहून घ्यायला हरकत नाही; फक्त त्यातली तारीख, नग आणि रक्कम स्वतः तपासून घ्यावी, आणि कंपनीचे दरपत्रक तिथे चिकटवू नये.

आता पैशाचा कागद. हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात जास्त नुकसान याच भागात होते. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये असेल तर कामगाराचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये पीएफमध्ये जातात. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के, म्हणजे १,२५० रुपये पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले ५५० पीएफमध्ये. पासबुकात हे तीन रकाने वेगळे दिसतात. पगाराच्या स्लिपवर कपात दिसते पण पासबुकात जमा दिसत नाही, असे दोन महिने सलग झाले की तिसऱ्या महिन्याची वाट बघू नये, लेखी विचारावे. नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ या क्रमांकावर मिस्ड कॉल दिला, आणि यूएएनला (पीएफच्या कायम क्रमांकाला) आधार, पॅन किंवा बँक खाते जोडलेले असले, की शिल्लक मेसेजने येते. महिन्यातून एकदा हे करायला पैसे पडत नाहीत.

ठेकेदार बदलला की नवा मेंबर आयडी तयार होतो, पण बारा अंकी यूएएन एकच राहिला पाहिजे. नवा ठेकेदार घाईत नवा यूएएन काढतो आणि जुनी वर्षे मागे पडतात. म्हणून नव्या जागी पहिल्याच दिवशी जुना यूएएन लिहून द्यायचा. जुन्याने सोडल्याची तारीख भरलेली नसली तरी ट्रान्सफर अडते; शेवटची वर्गणी जमा झाल्यापासून दोन महिन्यांनी ही तारीख कामगाराला पोर्टलवर स्वतः भरता येते. ती भरताना नव्या नोकरीच्या रुजू तारखेच्या पुढची पडली तर दोन नोकऱ्या एकमेकींवर चढतात आणि अर्ज परत येतो. नावाचा घोळ तर आपल्या भागाचा खास. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर नंतर; एका कागदावर वडिलांच्या नावापुढे ‘राव’, दुसऱ्यावर नाही; लग्नानंतर बाईचे नाव आधारवर बदलले, पीएफला माहेरचेच. यूएएनमधले नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारशी अक्षरशः जुळायला हवे. हे नोकरी चालू असताना दुरुस्त करून घेणे सोपे. कंपनी बंद पडल्यावर सही करायला कुणी उरत नाही.

नोकरी सुटली की पीएफ काढून टाकायचा, ही सवय सगळ्यात महाग पडते. लग्न, बोअर, दुबार पेरणी, कारणे खरी असतात. तरी हिशेब समोर ठेवावा. ५०,००० रुपये ८.२५ टक्के दराने वीस वर्षे राहिले, दर तोच राहिला, तर त्याचे सुमारे २ लाख ४४ हजार होतात. दुसरे म्हणजे पेन्शनला किमान दहा वर्षांची सेवा लागते. इथे तीन, तिथे चार, पुढे पाच अशी वर्षे ट्रान्सफरने जोडली तर दहा भरतात. प्रत्येक वेळी पेन्शनचा हिस्साही काढून घेतला तर मोजणी पुन्हा शून्यावर येते. पेन्शनचे सूत्र सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले सत्तर असे आहे. १५,००० पगार आणि अठरा वर्षे धरली तर महिना सुमारे ३,८५७ रुपये. रक्कम मोठी नाही. पण म्हातारपणी दर महिन्याला खात्यावर येणारी आहे, आणि पावसावर अवलंबून नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांतल्या तीन गोष्टी कामगाराने लक्षात ठेवाव्यात. नियुक्तिपत्र प्रत्येकाला द्यायचे आहे. नोकरी सोडली किंवा काढले तर वेतनाचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा आहे. आणि निश्चित मुदतीच्या कामगाराला पाच वर्षांऐवजी एका वर्षाच्या सेवेवर ग्रॅच्युइटी आहे. इथे गल्लत होते. निश्चित मुदतीचा कामगार म्हणजे कंपनीने थेट लेखी कराराने ठरावीक काळासाठी घेतलेला. ठेकेदाराच्या हजेरीपटावरचा त्यात आपोआप बसत नाही. आपण कोणत्या प्रकारात आहोत हे नियुक्तिपत्रावर मालक म्हणून कुणाचे नाव आहे त्यावरून कळते. ग्रॅच्युइटीचे गणित दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. १५,००० पगारावर पाच वर्षांचे साधारण ४३,२६९ रुपये होतात. कामगार कपात झाली तर प्रत्येक कामगारामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम मालकाने पुनर्कौशल्य निधीत भरायची, आणि ती पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यात जायची, अशीही तरतूद औद्योगिक संबंध संहितेत आहे. काढताना सह्या घेतल्या जातात त्या कागदावर ‘राजीनामा’ लिहिले आहे की ‘कपात’, हे वाचल्याशिवाय सही करू नये. राजीनामा दिला तर पुनर्कौशल्य निधीतली ही रक्कम मिळत नाही.

नोकरी सोडताना रागाने गेटवर कार्ड टाकून निघून जाणारे पुष्कळ. चार दिवसांच्या त्या रागापायी अनुभवाचा दाखला जातो. आधी नवीन जागेचे पत्र लेखी हातात घ्यावे, मग राजीनामा द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. नोटीस पुरी करावी, हत्यारे आणि गणवेश जमा केल्याची पावती घ्यावी, अनुभव प्रमाणपत्रावर पद ‘हेल्पर’ पडले आहे की ‘ऑपरेटर’ ते तिथेच तपासावे. मशीन चालवून घेतात आणि कागदावर हेल्पर लिहितात, ही तक्रार जुनी आहे. ती सोडण्याच्या दिवशी सुटत नाही. वर्षाच्या मूल्यमापनाच्या वेळी, कंपनीच्या स्किल मॅट्रिक्सवर आपले नाव कोणत्या मशीनपुढे आणि कोणत्या पातळीवर आहे ते विचारून हळूहळू सुटते. वाहन उद्योगाला माल पुरवणाऱ्या बहुतेक कारखान्यांत असा तक्ता लाइनजवळ लावलेला असतो. तो ऑडिटरसाठी लावतात हे खरे, पण वाचायला कामगाराला मनाई नाही.

पुण्याकडच्या चाकण-रांजणगावला जावे का, हा प्रश्न घराघरांत आहे. उदाहरणादाखल इथे गावात राहून १६,००० मिळतात आणि येण्याजाण्याला २,००० जातात. तिकडे २१,००० मिळतात, पण खोलीतला वाटा, मेस, प्रवास आणि महिन्याची गावाकडची फेरी मिळून ८,००० खर्च. उरतात १४,००० आणि १३,०००. पैशासाठी जाण्यात अर्थ नाही. मात्र तिकडे चार किंवा पाच अक्षांच्या मशीनवर हात मिळणार असेल, तर दोन वर्षांचे ठरवून जावे. तिकडेही लोडिंग-अनलोडिंगच करायचे असेल तर वाळूजचे बजाजनगर काय वाईट? आणि कुठल्याही कंपनीच्या नावाने ‘जॉइनिंग किट’ किंवा ‘डिपॉझिट’ मागणारा एजंट भेटला तर तिथूनच परत फिरावे, बिडकीनच्या नावाने मागत असला तर दोनदा.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत गेलेल्या मुलांनीही एवढे समजून घ्यावे की बारावी, आयटीआय-पदविका आणि पदवी यांना अनुक्रमे ६, ८ आणि १० हजार रुपये देणारी ती मुदतीची योजना आहे. मुदत संपताना हातात विद्यावेतनाशिवाय काय उरते ते वहीवर अवलंबून.

शेवटी आपल्या दैनिकामार्फत एक मागणी. राज्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये आयटीआयमध्ये अल्पकालीन रोजगारक्षम अभ्यासक्रम सुरू केले. मराठवाड्यातल्या औद्योगिक वसाहतींजवळच्या आयटीआयनी त्यातले काही अभ्यासक्रम नोकरी करणाऱ्यांसाठी राखावेत आणि एकच धडा दिवसातून दोनदा घ्यावा, सकाळी साडेनऊला आणि संध्याकाळी सहाला. फर्स्ट शिफ्टचा माणूस संध्याकाळी येईल, सेकंड शिफ्टचा सकाळी. पुढच्या आठवड्यात शिफ्ट फिरली की दोघे जागा बदलतील आणि कुणाचाच धडा बुडणार नाही. रात्रपाळीवाल्याला दोन्हींतला झेपेल तो. बॅच पंधरा जणांची असावी आणि हजेरीत आठवड्याला एका दांडीची मुभा. कौशल्य विकास विभागाने एका वसाहतीत, वाळूजला म्हणा, एका सत्रापुरते हे करून बघावे.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक
छत्रपती संभाजीनगर